रात्री नऊ ते दहा : निवासी शाळेतील हिंसा आणि तिचा प्रतिबंध

अंगुलीमालाची कथा आपल्या विहारांत, बालसंस्कार शिबिरांत आणि वर्षावासातील प्रवचनांत इतक्या वेळा सांगितली जाते की ती कोणाला नवी नाही. वनात लपलेला दरोडेखोर, त्याच्या गळ्यातील बोटांची माळ आणि त्याच्यासमोरून शांतपणे चालत जाणारे तथागत हे चित्र आपल्या लहान मुलांनाही पाठ आहे. परंतु ही कथा वनात सुरू होत नाही, ती एका गुरुगृही सुरू होते; आणि सांगताना नेमका तेवढाच भाग बहुधा गाळला जातो. मज्झिमनिकायातील सुत्तात हा पूर्ववृत्तांत नाही, तो अट्ठकथेत येतो. त्यानुसार कोसलच्या राजपुरोहिताच्या या मुलाचे नाव अहिंसक होते. तो तक्षशिलेस एका आचार्यांकडे राहून शिकत होता. सेवेत तत्पर, अभ्यासात सर्वांच्या पुढे. सहाध्यायांना ते सहन झाले नाही. ते एकामागून एक आचार्यांकडे गेले आणि त्यांनी अहिंसकाविषयी नाही नाही ते सांगितले. आचार्यांनी आरंभी विश्वास ठेवला नाही. पण सांगणारे वाढत गेले तशी शंका रुजली. अखेरीस त्यांनी शिष्याकडे गुरुदक्षिणा मागितली ती हजार माणसांच्या हत्येची. मत्सरी सहाध्यायी आणि हलक्या कानाचे गुरू यांच्याविषयी कथा स्पष्ट बोलते. त्या गुरुगृही आणखीही शिष्य असतील, त्यांना हे सारे दिसत असेल. त्यांच्याविषयी ती काही सांगत नाही.

हे आठवण्याचे कारण एक पत्र आहे. या स्मरणिकेसाठी आम्ही माजी विद्यार्थ्यांना आठवणी लिहून पाठविण्याची विनंती केली. बहुतेक पत्रे अपेक्षेप्रमाणे आली : पहाटेची वंदना, ताटातील पातळ आमटी, गुरुजनांचे ऋण. एका पत्रात मात्र थोड्याच ओळी होत्या. लिहिणारे गृहस्थ आज चांगल्या हुद्द्यावर आहेत आणि पत्रासोबत त्यांनी देणगीही पाठविली आहे. त्यांनी लिहिले होते, "कार्यक्रमास येणार नाही. पाचवी-सहावीची दोन वर्षे रोज रात्री मोठ्या मुलांचे कपडे धुतले. न धुतल्यास न्हाणीघरामागे मार बसे. अधीक्षकांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, ती तुझ्या मोठ्या भावांसारखी आहेत, थोडे सहन करायला शीक. देणगी आत्ताच्या मुलांसाठी वापरावी." त्यांच्या संमतीने, नाव न देता, आम्ही हे येथे नमूद करीत आहोत. हे पत्र स्मरणिकेच्या कोणत्या विभागात छापावे असा प्रश्न संपादक मंडळात निघाला. 'सोनेरी आठवणी' या विभागात ते बसेना, आणि वगळणेही कोणाला पटेना. म्हणून आम्ही, म्हणजे येथील काही शिक्षक आणि वसतिगृहाचे कर्मचारी, हा अभ्यासलेख लिहीत आहोत.

प्रथम शब्दाचा विचार करू. शाळेतील हिंसा म्हटले की वृत्तपत्रात येणारी एखादी भयंकर घटना डोळ्यांसमोर येते, आणि तसे आपल्याकडे काही घडत नाही या समाधानात विषय संपतो. वास्तविक ती घटना म्हणजे शेवटचे पान असते. त्याआधी नावे ठेवणे, ताटातील वाढलेले काढून घेणे, पेटीचे कुलूप तोडणे, जेवताना शेजारी बसू न देणे, गावावरून, बोलीवरून, रंगावरून, वडिलांच्या कामावरून हिणवणे अशी पुष्कळ पाने उलटली गेलेली असतात. यांपैकी प्रत्येक गोष्ट किरकोळ भासते. आपल्या समाजाला तरी हे वेगळे सांगावयास नको. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लेखनात आपल्या शाळेचे वर्णन केले आहे : बसण्यासाठी स्वतःचे गोणपाट घरून आणावयाचे आणि ते परत घरी न्यावयाचे, तहान लागली तर शिपायाने वरून पाणी ओतावयाचे, आणि शिपाई नसेल तर तहानलेलेच राहावयाचे. त्या प्रसंगात कोणी कोणाला छडी मारलेली नाही. तरीही ती हिंसा होती, आणि ती शाळेच्या दैनंदिन व्यवस्थेतच मुरलेली असल्यामुळे कोणाला दिसत नव्हती. त्याच समाजाने उभारलेल्या शाळेच्या न्हाणीघरामागे एखादा मुलगा मार खात असेल तर ते पाहण्याचे उत्तरदायित्व आपल्यावर अधिक आहे, असे आम्हांस वाटते.

या विषयाचा शास्त्रशुद्ध अभ्यास ज्या देशात झाला त्याचा वृत्तांत आता सविस्तर पाहू. १९८२च्या अखेरीस नॉर्वेच्या उत्तर भागातील १० ते १४ वर्षे वयाच्या ३ मुलांनी आत्महत्या केल्याची बातमी तेथील वृत्तपत्रांत आली. सोबतच्या मुलांनी केलेला छळ हे त्यामागील बहुधा कारण होते. सारा देश हादरला आणि १९८३ साली तेथील शासनाने शाळांमधील छळाविरुद्ध राष्ट्रव्यापी मोहीम हाती घेतली. बर्गेन विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेउस हे त्याआधी दशकभर याच विषयावर संशोधन करीत होते. मोहिमेच्या निमित्ताने सुमारे १,३०,००० विद्यार्थ्यांकडून, नाव न लिहिता, प्रश्नावली भरून घेण्यात आली. साधारण १५ टक्के मुले अधूनमधून किंवा वारंवार छळाच्या प्रकारांत गुंतलेली आढळली. कोणी छळ सोसणारे, कोणी करणारे, काही थोडी दोन्ही. म्हणजे दर ७ मुलांमागे १. संपन्न, शांत आणि लहान लोकसंख्येच्या त्या देशात ही स्थिती होती.

ओल्वेउस यांनी छळाची जी व्याख्या केली ती आपल्यालाही उपयोगी आहे. दोन तुल्यबळ मुलांत झालेले भांडण म्हणजे छळ नव्हे. जाणूनबुजून, पुन्हा पुन्हा आणि ज्याला प्रतिकार करता येत नाही अशावर केलेले वर्तन म्हणजे छळ. हा भेद पोथीतला नाही, रोजच्या व्यवहारातला आहे. भांडण झाले तर दोघांना समोर उभे करून समेट घडविता येतो. छळात तसे केल्यास सोसणाऱ्या मुलाला, ज्याची भीती वाटते त्याच्याच हातात हात द्यावा लागतो आणि रात्री त्याची किंमत मोजावी लागते. आम्ही वर्षानुवर्षे "हात मिळवा आणि विषय संपवा" असे सांगत आलो. त्यातून किती विषय संपले आणि किती नुसते दृष्टीआड झाले, ते आता सांगता येणार नाही.

त्या अभ्यासाने काही रूढ समजुतीही मोडून काढल्या. वर्गात किंवा शाळेत मुले जास्त असली की छळ वाढतो, ही समजूत आकडेवारीत टिकली नाही. चष्मा, लठ्ठपणा, केसांचा रंग अशा बाह्य वेगळेपणामुळेच मुले लक्ष्य होतात, हेही खरे ठरले नाही. चिडवण्यासाठी खूण प्रत्येकाच्या अंगावर सापडते. दांडगाई करणारा मुलगा आतून भित्रा असतो ही आपल्याकडची आवडती समजूत तर पार कोसळली : अशा मुलांत दडलेली भीती किंवा न्यूनगंड सर्वसाधारण मुलांहून जास्त आढळला नाही. मात्र सुटीच्या वेळी आवारात लक्ष ठेवणारे शिक्षक जिथे अधिक, तिथे छळ कमी, हे स्पष्ट दिसून आले. पालकांना बहुधा काहीच ठाऊक नसते आणि शिक्षक क्वचितच मध्ये पडतात, हेही मुलांच्या उत्तरांतून पुढे आले.

पुढे बर्गेन शहरातील ४२ शाळांतील सुमारे २,५०० विद्यार्थ्यांवर ओल्वेउस यांनी दोन वर्षांहून अधिक काळ लक्ष ठेवले. या शाळांनी केलेल्या गोष्टी साध्या होत्या. प्रश्नावलीचे निष्कर्ष शिक्षक आणि पालकांसमोर मांडले. सुटीतील देखरेख वाढविली. प्रत्येक वर्गाने छळाविरुद्ध मोजके नियम ठरवून घेतले आणि त्यांवर नियमित वर्गसभा घेतल्या. छळ करणाऱ्याशी, सोसणाऱ्याशी आणि दोघांच्याही पालकांशी शिक्षकांनी वेगवेगळे आणि गंभीरपणे बोलणे केले. दोन वर्षांत छळाचे प्रमाण जवळजवळ निम्म्याने उतरले. या आकड्याचा जगभर गौरव झाला, आणि तो योग्यच आहे. पण त्याच मोहिमेचा दुसरा अनुभव फारसा सांगितला जात नाही. त्याच देशातील रोगालँड या भागात, तीन वर्षांनंतर केलेल्या पाहणीत, तशी घट दिसली नाही. पुस्तिका पोहोचल्या होत्या, मोहीमही तीच होती. शाळांना मिळालेली साथ आणि शाळांनी प्रत्यक्ष केलेले काम मात्र सारखे नव्हते. आम्हांला या दुसऱ्या अनुभवाचे मोल अधिक वाटते, कारण आपल्याकडे परिपत्रक फलकावर लावले की काम झाले असे मानण्याची सवय आहे.

नॉर्वेतील मूल दुपारी घरी जाते. आपले मूल घरी जात नाही. दिवसाच्या शाळेत ज्याचा त्रास होतो त्याच्यापासून घंटा वाजताच सुटका होते. निवासी शाळेत त्याच्याच शेजारी अंथरूण घालावे लागते. म्हणून तेथील अनुभव जसाच्या तसा उचलता येणार नाही, हे ध्यानात घेऊन आम्ही एक साधा प्रयोग केला. आवाराचा हाताने काढलेला नकाशा प्रत्येक विद्यार्थ्याला दिला. नाव लिहावयाचे नाही. जिथे भीती वाटते तिथे लाल पेन्सिलीने खूण करावयाची आणि वेळ लिहावयाची. मुलांना एकमेकांपासून अंतरावर बसविले आणि कागद दुमडून एका डब्यात टाकावयास सांगितले.

बहुतेक खुणा आमच्या अंदाजाप्रमाणे पडल्या : न्हाणीघरामागे, पाण्याच्या टाकीजवळ, भोजनगृहापासून वसतिगृहापर्यंतच्या अंधाऱ्या वाटेवर. वेळा पाहून मात्र आम्ही चमकलो. सर्वाधिक कागदांवर रात्री ९ ते १० ही वेळ होती. सायंवंदना, भोजन आणि अभ्यासिका संपलेली, दिवे मालवायला अवकाश. अधीक्षक त्या वेळी दिवसाची नोंदवही लिहीत बसतात आणि कामाठी भांडी आवरतात. आमच्या वेळापत्रकात त्या तासापुढे 'मोकळा वेळ' असे लिहिले होते. दुसरी वेळ रविवार दुपारची. पालक भेटून गेले, घरून आलेला डबा पेटीत ठेवला, आणि मग तो डबा कोणाचा हे ठरविण्याची वेळ. आईने रात्र जागून केलेले लाडू मूल स्वतःच्या हाताने दुसऱ्याच्या पेटीत नेऊन ठेवते, आणि पुढच्या भेटीत आई विचारते, "आवडले का?" ते "हो" म्हणते.

काही खुणा मात्र एका वर्गखोलीवर होत्या, आणि वेळ होती गणिताच्या तासाची. तो तास आमच्यापैकीच एका सहकाऱ्यांचा. शिष्यवृत्ती परीक्षेत आपली मुले चमकतात त्यात त्यांचा मोठा वाटा आहे. नकाशे पाहून ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मी फूटपट्टी फक्त टेबलावर आपटतो." नंतर त्यांनीच सांगितले की कधीकधी ती टेबलावर पडत नाही.

या ठिकाणी कायद्याची आठवण आवश्यक आहे. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम २००९, जो १ एप्रिल २०१० पासून अमलात आला, त्याच्या कलम १७ नुसार बालकाला शारीरिक शिक्षा करणे आणि त्याचा मानसिक छळ करणे या दोहोंस मनाई आहे. मोडणाऱ्यावर सेवानियमांनुसार कारवाई होते. तत्पूर्वी २००७ साली केंद्र शासनाच्या महिला व बालविकास मंत्रालयाने १३ राज्यांत केलेल्या पाहणीत शाळेत जाणाऱ्या दर ३ मुलांपैकी जवळजवळ २ मुलांनी शाळेत मार खाल्ल्याचे सांगितले होते. कायद्याने छडी गेली. तिच्यावरील श्रद्धा गेलेली नाही. प्रवेशाच्या दिवशी पालकच हात जोडून म्हणतात, "गुरुजी, हात राखू नका." ते प्रेमापोटी म्हणतात, हे आम्ही जाणतो. पण ज्या आवारात शिक्षकाचा हात उठतो त्या आवारात आठवीच्या मुलाने पाचवीच्या मुलावर हात उगारू नये, हे आम्ही कोणत्या तोंडाने सांगावे? मोठी मुले आमचीच नक्कल करीत असतात, क्वचित आमच्याच शब्दांत. आमच्या सहकाऱ्यांनी फूटपट्टी कपाटात ठेवली. पहिल्या सहामाहीत वर्ग त्यांच्या हातून सुटला, गोंगाट शेजारच्या वर्गापर्यंत जाई. आजही त्यांचा आवाज चढतो. ते स्वतः म्हणतात की तीस वर्षांची सवय एका वर्षात जात नाही.

रात्रीच्या त्या तासाची व्यवस्था बदलणे त्या मानाने सोपे होते. नोंदवही आता सकाळी लिहिली जाते. ९ ते १० या वेळेत दोन प्रौढ व्यक्ती वसतिगृहात फिरत्या असतात, एकटे कोणी नाही. न्हाणीघराच्या वेळा वयाप्रमाणे वेगळ्या केल्या, पाचवी-सहावीच्या खोल्या अधीक्षकांच्या खोलीशेजारी आणल्या. मोकळा वेळ मात्र आम्ही काढून टाकला नाही, कारण सतत पहाऱ्यात वाढणारे मूल हेही आम्हांला नको आहे. त्या तासात आता कॅरम आहे, वाचनालयाची पेटी उघडी असते, आणि ज्याला नुसते बसावयाचे आहे त्याने बसावे.

तक्रारपेटीचा अनुभव सांगण्यासारखा आहे. शासनाच्या सूचनेप्रमाणे पेटी होतीच. कार्यालयाच्या दाराशी, सर्वांच्या नजरेसमोर. वर्षभरात तिच्यातून चित्रपटातील गाण्यांची एक यादी आणि भोजनातील भाज्यांविषयीची एक चिठ्ठी निघाली. आम्ही त्याचा अर्थ सर्व कुशल आहे असा लावला होता. मुलांनी नंतर सांगितले की पेटीत कागद टाकणारा कोण हे साऱ्या शाळेला दिसते. मग आम्ही प्रत्येक मुलाला गुप्तपणे विचारले : काही झाले तर तू आवारातील कोणत्या मोठ्या माणसाला सांगशील? आम्हां शिक्षकांची नावे फार थोड्यांनी लिहिली. पुष्कळ मुलांनी स्वयंपाकघरातील मावशींचे नाव लिहिले होते. कोण जेवले नाही, कोणाच्या ताटातून कोणी उचलले, हे त्यांना रोज दिसते, आणि त्या रागावत नाहीत. आजवर कोणत्याही सभेला आम्ही त्यांना बोलावले नव्हते. आता त्या बालसुरक्षेच्या बैठकीला बसतात आणि मुलाने काही सांगितल्यास पुढे काय करावयाचे याचे प्रशिक्षण त्यांनीही घेतले आहे.

हे प्रशिक्षण एका बाबतीत अटळ आहे. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे किंवा तसे होण्याची शक्यता असल्याचे ज्याला कळेल त्या प्रत्येकाने पोलिसांना अथवा विशेष बाल पोलीस पथकाला कळविणे २०१२च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार बंधनकारक आहे. शिक्षक, स्वयंपाकी, पहारेकरी, संस्थाचालक, कोणीही अपवाद नाही. न कळविणे हा गुन्हा आहे, आणि संस्थाप्रमुखाने आपल्या हाताखालील व्यक्तीचा अपराध दडविल्यास शिक्षा अधिक आहे. येथे घरगुती चौकशी, समेट, संस्थेच्या नावाची काळजी यांस जागा नाही. मुलाला स्वतःहून मदत हवी असल्यास १०९८ हा दूरध्वनी क्रमांक आता प्रत्येक मजल्यावर मोठ्या अक्षरांत रंगविला आहे, आणि तो फिरवता येईल असा दूरध्वनी कार्यालयाबाहेर ठेवला आहे. त्याचप्रमाणे रॅगिंग हा केवळ महाविद्यालयांचा विषय आहे अशी समजूत असते. १९९९च्या महाराष्ट्र रॅगिंग प्रतिबंध अधिनियमाच्या कक्षेत वसतिगृहेही येतात, आणि तक्रारीकडे दुर्लक्ष करणारा प्रमुखही दोषी धरला जाऊ शकतो.

आता पाहणाऱ्यांविषयी. कॅनडात संशोधकांनी शाळेच्या मैदानावर दुरून चित्रण करून मुलांच्या वागण्याचा अभ्यास केला. छळाच्या दर १० प्रसंगांपैकी जवळपास ९ प्रसंगी इतर मुले तेथे हजर होती. ती मध्ये पडली फक्त ५ पैकी १ प्रसंगात. पण जेव्हा पडली तेव्हा निम्म्याहून अधिक वेळा छळ १० सेकंदांच्या आत थांबला. फिनलंडमधील क्रिस्टिना साल्मिवाली यांनी १९९६ साली याच दृष्टीने वर्गाकडे पाहिले आणि हसणारे, साथ देणारे, बाजूला होणारे, बचाव करणारे अशा भूमिका दाखवून दिल्या. त्यातून उभा राहिलेला 'किवा' हा कार्यक्रम २००९ पासून त्या देशातील शाळांत सर्वत्र सुरू झाला. त्यातील एक रीत आम्ही उचलली आहे. छळ सोसणाऱ्या मुलाशी शिक्षक एकांतात बोलतात. छळ करणाऱ्याशी स्वतंत्रपणे, ठामपणे बोलतात. आणि वर्गात ज्यांना मान आहे अशा दोन-चार मुलांना बोलावून विचारतात, याच्यासाठी तुम्ही काय करू शकाल? ती मुले उपदेश करीत नाहीत. ती त्याला कबड्डीत घेतात, त्याच्या पंगतीला बसतात. एवढ्याने पुष्कळ बदलते, कारण एकट्या मुलाला गाठणे सोपे असते.

या लेखाचा मसुदा आम्ही त्या पत्रलेखकांना पाठविला होता. त्यांनी काही बदल सुचविला नाही. फक्त समासात लिहिले : "खोलीत आम्ही १४ जण होतो."

छळ करणाऱ्या मुलाचे काय करावयाचे, या प्रश्नावर आमच्यात एकमत नाही आणि ते झाल्याचा आव आम्ही आणत नाही. ओल्वेउस यांनी पाठपुरावा केला तेव्हा सहावी ते नववीत छळ करणारी म्हणून नोंद झालेल्या मुलांपैकी सुमारे ६० टक्के मुलांना वयाच्या २४ वर्षांपर्यंत निदान एका गुन्ह्यात शिक्षा झालेली आढळली. त्यांना वेळीच न अडविणे ही त्यांच्यावरही दया नव्हे. दोन वर्षांपूर्वी आमच्या वसतिगृहातील नववीचा एक विद्यार्थी लहान मुलांकडून पैसे आणि खाऊ उकळीत असल्याचे उघड झाले. काहींचे म्हणणे, काढून टाकावे. त्याचे आई-वडील वीटभट्टीवर. काढला असता तर दुसऱ्या दिवशी तोही भट्टीवर दिसला असता. चौकशीत कळले की पाचवीत असताना त्याच्याकडूनही असेच घेतले जाई, आणि त्याने ही रीत समजून पुढे चालविली. आम्ही त्याला ठेवले. खोली बदलली, घेतलेले पैसे त्याने दर महिन्याला थोडे थोडे परत केले, आणि एका शिक्षकांनी वर्षभर दर आठवड्याला त्याच्याशी बोलण्याचे काम पत्करले. त्याने दहावी पूर्ण केली. परंतु त्याच्या त्रासाने खचलेल्या एका मुलाच्या वडिलांनी आपल्या मुलाचा दाखला काढून नेला. जाताना ते म्हणाले, "तुम्ही त्याचा विचार केलात, माझ्या पोराचा नाही." त्यांना देण्यासारखे उत्तर तेव्हा आमच्यापाशी नव्हते. मुलगा सुरक्षित असल्याची खात्री आधी आणि दुसऱ्याला सुधारण्याचा प्रयत्न नंतर, हा क्रम आम्ही तेव्हा चुकविला होता. आता ज्याच्यावर आरोप आहे त्याची खोली त्याच संध्याकाळी बदलली जाते, चौकशी पुढे होत राहते.

पालकांना एकच विनंती. भेटीच्या रविवारी मुलाला "कोणी त्रास देते का?" असे विचारू नये, त्याचे उत्तर "नाही" असेच येते. जेवताना शेजारी कोण बसते, न्हाणीघरात कोणाबरोबर जातोस, डबा किती दिवस पुरला, असे विचारावे. सुटीनंतर परत येताना पोटात दुखणे, वह्या-कपडे वारंवार हरवणे, अंथरूण ओले होणे, अकारण पैसे मागणे यांस नाटक समजू नये. आणि मुलाने सांगितलेच तर "तूही दोन ठेवून द्यायच्या होत्यास" असे म्हणू नये. ठेवून देता आल्या असत्या तर त्याने आपल्याला सांगितले नसते.

नकाशाचा उपक्रम आता दर वर्षी ऑगस्टमध्ये आणि फेब्रुवारीत होतो. गेल्या वेळी रात्रीच्या तासाच्या खुणा विरळ झालेल्या दिसल्या, पण सहलीची बस आणि क्रीडास्पर्धांच्या वेळचा मुक्काम ही दोन नवी ठिकाणे मुलांनी समासात स्वतःहून लिहिली. त्यांची व्यवस्था अद्याप व्हावयाची आहे. समुपदेशिका आठवड्यातून एकच दिवस येतात, हेही अपुरे आहे. ज्या माजी विद्यार्थ्यांना आपला येथील असा अनुभव कळवावासा वाटेल त्यांनी मुख्याध्यापकांच्या नावे बंद पाकिटात लिहावे. नाव छापले जाणार नाही आणि पत्र वाचून बाजूला ठेवले जाणार नाही.

पत्रलेखकांच्या देणगीतून भोजनगृह ते वसतिगृह या वाटेवर दिवे लागले आहेत. पाण्याच्या टाकीमागे खांब उभा करण्याचे काम पावसामुळे थांबले आहे. ते दिवाळीच्या सुटीत पूर्ण होईल.